विजयाचा हिशेब आणि खेळाचा आनंद

स्पेनमधील बिल्बाओ शहरात २१ मे २०२५ रोजी टॉटनहॅम हॉटस्पर या लंडनच्या फुटबॉल क्लबाने मँचेस्टर युनायटेडचा १-० असा पराभव करून युरोपा लीगचा चषक जिंकला. २००८ मधील लीग चषकानंतर, म्हणजे तब्बल सतरा वर्षांनी, या क्लबाच्या वाट्याला आलेला हा पहिलाच चषक. युरोपीय स्पर्धेतील यश तर १९८४ नंतर प्रथमच लाभले होते. विजयी संघाच्या मिरवणुकीसाठी उत्तर लंडनचे रस्ते माणसांनी फुलून गेले. आणि त्या विजयानंतर सोळा दिवसांनी, ६ जून रोजी, हा चषक मिळवून देणारे मॅनेजर अँजे पोस्टेकोग्लू यांना क्लबाने पदावरून दूर केले.

या निर्णयाने क्लबाच्या चाहत्यांत उभी फूट पडली. एका पक्षाचे म्हणणे असे, की मॅनेजरची नेमणूक चषक जिंकण्यासाठीच होते. तो त्याने जिंकला असताना त्याला घालवण्याचे कारण काय? दुसऱ्या पक्षाने प्रीमियर लीगचा गुणतक्ता पुढे केला. ३८ पैकी २२ सामने हरून संघ वीस संघांत सतराव्या क्रमांकावर राहिला होता आणि त्याच्याखालचे तीन संघ कनिष्ठ श्रेणीत ढकलले गेले होते. क्लबाच्या चालकांनीही आपल्या निर्णयाच्या समर्थनार्थ एक आकडा दिला. पोस्टेकोग्लू यांच्या कारकिर्दीतील पहिले दहा सामने सोडले, तर पुढील ६६ लीग सामन्यांत संघाला अवघे ७८ गुण मिळाले होते. विजयाला तीन आणि बरोबरीला एक गुण असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे सामन्यामागे सव्वा गुणही न मिळवणाऱ्या या कामगिरीचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

परंतु हा वाद केवळ चषक मोठा की गुणतक्ता मोठा, एवढाच असता तर तो मोसमाबरोबर विरून गेला असता. त्याच्या मुळाशी आणखी एक प्रश्न आहे. पोस्टेकोग्लू २०२३ मध्ये टॉटनहॅमला आले ते आक्रमक, धाडसी खेळाचे आश्वासन घेऊन. त्या वर्षी नोव्हेंबरात चेल्सीविरुद्ध त्यांच्या संघाचे दोन खेळाडू मैदानाबाहेर काढले गेले. उरलेल्या नऊ जणांना गोलासमोर दाटीवाटीने उभे करण्याऐवजी त्यांनी बचावफळी जवळजवळ मध्यरेषेपर्यंत पुढे ठेवली. संघ ४-१ असा हरला. तरीही घरच्या प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. दीड वर्षानंतर बिल्बाओच्या अंतिम सामन्यात याच मॅनेजरच्या संघाने मध्यंतरापूर्वी एक गोल केला आणि उरलेला वेळ किल्ला लढवावा तसा बचाव केला. चेंडू बहुतांश वेळ प्रतिस्पर्ध्याच्या पायाशी होता. ज्या शैलीसाठी त्यांना आणले, ती बाजूला ठेवल्यावर चषक हाती आला, असा हा विलक्षण योग आहे. लीगमधील घसरणीला खेळाडूंच्या दुखापतीही कारण झाल्या, हे खरे. पण निकाल हवा की खेळ हवा, या जुन्या वादाला इतके चोख उदाहरण क्वचितच मिळते.

या उदाहरणाचा पूर्वार्धही तितकाच बोलका आहे. त्याआधीच्या चार वर्षांत याच क्लबाने नेमका उलटा प्रयोग करून पाहिला होता. नोव्हेंबर २०१९ मध्ये जोसे मोरिन्यो यांना आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये अंतोनिओ कोंते यांना आणले गेले, ते दोघेही हमखास जिंकून देणारे म्हणून ख्यातनाम होते यासाठी. दोघांच्याही अमदानीत संघाचा खेळ सावध, आखडता आणि प्रतिस्पर्ध्याच्या चुकीची वाट पाहणारा झाला. कोंते यांनी पहिल्या मोसमात संघाला चौथ्या क्रमांकावर नेले. मात्र चषक दोघांपैकी कोणालाही मिळवून देता आला नाही. मोरिन्यो यांची उचलबांगडी तर लीग चषकाचा अंतिम सामना सहा दिवसांवर आला असताना झाली. तेव्हा प्रेक्षक रुक्ष खेळाविषयी कुरकुरत होते आणि आता तेच प्रेक्षक पराभवांविषयी कुरकुरू लागले. यावरून काही टीकाकार असा निष्कर्ष काढतात, की चाहत्यांना आपल्याला काय हवे तेच ठाऊक नसते. हरले की विजय हवा आणि जिंकले की शोभा हवी, अशी त्यांची तऱ्हा.

हा निष्कर्ष सोपा आहे. पण बरोबर नाही. चाहत्याचे वागणे चंचल वाटते, ते त्याला आपण सामान्य ग्राहकाच्या मापाने मोजतो म्हणून. साबण चांगला निघाला नाही तर ग्राहक दुसऱ्या कंपनीचा साबण घेतो. त्याला ओरडावे लागत नाही आणि कोणाची समजूत घालावी लागत नाही. अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या संदर्भात एक मूलगामी विवेचन केले आहे. एखादी संस्था घसरणीला लागली, की तिच्याशी संबंधित माणसांपुढे दोन मार्ग असतात: संस्था सोडून जाणे, किंवा आत राहून आवाज उठवणे. निष्ठा जितकी बळकट, तितका सोडून जाण्याचा मार्ग अवघड आणि म्हणून आवाजाला महत्त्व अधिक. फुटबॉलचा चाहता हे या सिद्धांताचे जवळजवळ शुद्ध उदाहरण आहे. टॉटनहॅमचा खेळ आवडेनासा झाला म्हणून त्याचा जन्माचा चाहता शेजारच्या आर्सेनलचे तिकीट काढत नाही. वडिलांकडून मुलाकडे घराण्याच्या दैवतासारखा क्लब येतो आणि दैवत कोणी दुकानासारखे बदलत नाही. म्हणजे ग्राहकाचे जे मुख्य अस्त्र, ते या माणसाच्या हाती नाहीच. उरतो तो फक्त आवाज. तेव्हा स्टेडियममधील हुर्यो हा बेशिस्तीचा प्रकार नसून ज्याला दुसरा दरवाजा नाही अशा माणसाचे ते मतदान आहे.

हे मतदान परस्परविरोधी वाटण्याचे खरे कारण हिशेबाच्या मुदतीत आहे. एकाच क्लबात तीन निरनिराळ्या वह्या लिहिल्या जात असतात. मालकाची वही वर्षाची: ताळेबंद, प्रक्षेपणाचे उत्पन्न, पुढच्या मोसमात चँपियन्स लीगमध्ये प्रवेश मिळणार की नाही. मॅनेजरची वही आठवड्यांची. लागोपाठ पाचसहा सामने हरले की आपली खुर्ची डळमळणार, हे तो जाणून असतो. त्यामुळे एका गुणासाठी पूर्ण संघ गोलासमोर उभा करणे त्याच्या दृष्टीने शहाणपणाचेच ठरते. चाहत्याची वही मात्र जन्मभराची असते. मॅनेजर येतात-जातात, खेळाडू विकले जातात, मालकही बदलतात. बदलत नाही तो चाहता. दर शनिवारी दोन तास आणि पगारातला एक भाग तो या वहीत जमा करीत असतो. चषक ही या वहीतील मोठी नोंद खरी. पण सतरा वर्षांत एकदा होणाऱ्या नोंदीवर उरलेले शेकडो शनिवार कसे काढायचे? ते शनिवार सुसह्य व्हायचे असतील तर खेळात काही पाहण्याजोगे हवे. आणि तेवढेच असून नुसतेच पराभव होत राहिले, तर त्याच वहीत मानहानीची नोंद होते. दोन्ही मागण्या एकाच माणसाच्या आहेत आणि त्यांत विसंगती नाही. विसंगती आहे ती त्या मागण्या आठवड्याच्या वहीतून पुऱ्या करू पाहण्यात.

दीर्घ मुदतीचा हिशेब कसा लागतो, हे ब्राझीलच्या दोन संघांवरून दिसते. १९८२ च्या विश्वचषकात तेले सांताना यांच्या प्रशिक्षणाखालील संघात झिको, सॉक्रेटिस, फाल्काओ, सेरेझो अशी मध्यफळी होती. ५ जुलै रोजी बार्सिलोनात इटलीविरुद्ध त्यांना उपांत्य फेरीसाठी केवळ बरोबरी पुरेशी होती. अडुसष्टाव्या मिनिटाला फाल्काओने २-२ अशी बरोबरी साधली. हिशेबी संघ येथे थांबला असता. ब्राझील थांबले नाही. पावलो रॉसीने तिसरा गोल केला आणि इटली पुढे विश्वविजेती झाली. याउलट १९९४ मध्ये कार्लोस आल्बेर्तो परेरा यांच्या प्रशिक्षणाखाली, डुंगासारख्या कणखर कर्णधाराच्या नेतृत्वात ब्राझीलने चोवीस वर्षांनी विश्वचषक परत आणला. अंतिम सामना जादा वेळेनंतरही ०-० राहिला आणि निकाल पेनल्टी किकवर लागला. विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात असे प्रथमच घडत होते. दप्तरी नोंद परेरा यांच्या बाजूने आहे. पण चाळीस वर्षे उलटून गेल्यावरही फुटबॉलविषयीच्या गप्पांत जो संघ जिवंत आहे, तो हरलेला आहे.

येथे सौंदर्यवाद्यांनी विजयाचा झेंडा फडकवण्याची घाई करू नये. सांताना यांची कथा १९८२ ला संपत नाही. याच प्रशिक्षकाने पुढे साओ पावलो क्लबाला १९९२ व १९९३ अशी सलग दोन वर्षे दक्षिण अमेरिकेचे विजेतेपद मिळवून दिले. त्याच दोन वर्षांत बार्सिलोना आणि मिलान या युरोपीय क्लबांना नमवून आंतरखंडीय चषकही जिंकला. म्हणजे सुंदर खेळणारा हरतोच, हे जसे खोटे, तसेच हरणे हेच सौंदर्याचे लक्षण, हेही खोटे. आणि उलट बाजूचे उदाहरण ग्रीसचे. २००४ च्या युरोपीय अजिंक्यपदात ऑटो रेहागल यांच्या ग्रीक संघाने फ्रान्स, झेक प्रजासत्ताक आणि पोर्तुगाल यांना लागोपाठ १-० असे हरवले. तटस्थ प्रेक्षकाला हा खेळ कंटाळवाणा वाटला. अथेन्समध्ये मात्र जल्लोष झाला आणि कोणी शोभेची तक्रार केली नाही. त्याआधी कोणत्याही मोठ्या स्पर्धेत एकही सामना न जिंकलेल्या देशाला १-० हाच काव्याचा विषय होता. ज्यांच्या घरी चषकांनी कपाट भरलेले आहे, त्यांनी इतरांना रुचीचे धडे देणे सोपे असते. कनिष्ठ श्रेणीत घसरणाऱ्या क्लबात उत्पन्न आटते, खेळाडू विकावे लागतात आणि कार्यालयातील सामान्य कर्मचाऱ्यांच्याही नोकऱ्या धोक्यात येतात. सुंदर पराभवाची किंमत मोजणारे लोक नेहमी टाळ्या वाजवणाऱ्यांतलेच असतात असे नाही.

मग नियमच असे का करू नयेत, की आक्रमक खेळणे हेच फायद्याचे ठरावे? हा विचार फुटबॉलच्या चालकांनी केलेला आहे. इंग्लंडमध्ये १९८१ पासून विजयाला दोनऐवजी तीन गुण देण्यात येऊ लागले. १९९० च्या विश्वचषकात ५२ सामन्यांत केवळ ११५ गोल झाले, सामन्यामागे सव्वादोनही नाहीत. तेव्हा काळजी वाढली. १९९२ मध्ये सहकाऱ्याने पायाने मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाने हाताने उचलण्यास मनाई झाली आणि १९९४ च्या विश्वचषकात तीन गुणांची पद्धत आली. त्या स्पर्धेत तेवढ्याच सामन्यांत १४१ गोल झाले. परंतु प्रलोभनांचा परिणाम नेहमी सरळ रेषेत होत नाही. लुईस गारिकानो आणि इग्नासिओ पालासिओस-ह्युर्ता या अर्थशास्त्रज्ञांनी स्पेनच्या लीगमधील सामने तपासले, तेव्हा असे आढळले की तीन गुणांच्या पद्धतीने संघ आक्रमणाला प्रवृत्त झाले, पण त्याचबरोबर धसमुसळेपणाही वाढला. आणि एकदा आघाडी मिळाली की ती राखण्यासाठी संघ अधिकच सावध होऊ लागले. विजय महाग केला, की तो हातचा जाऊ न देण्याची धडपडही महाग होते. नियमांनी खेळाची कवाडे थोडी उघडता येतात. आत काय करायचे ते क्लबालाच ठरवावे लागते.

हा प्रश्न केवळ युरोपचा नाही. गोवा आणि मुंबईतील प्रेक्षकांनी तो अगदी जवळून पाहिला आहे. सेर्जिओ लोबेरा हे स्पॅनिश प्रशिक्षक २०१७ मध्ये एफसी गोवा संघाकडे आले. छोटे पास, चेंडूवर ताबा आणि सतत पुढे जाणारा खेळ यांमुळे फातोर्डाच्या स्टेडियममध्ये एक नवी रंगत आली. फेरान कोरोमिनास या आघाडीच्या खेळाडूने दोन मोसमांत अनुक्रमे १८ आणि १६ गोल केले. पण इंडियन सुपर लीगचे अजिंक्यपद हुलकावणी देत राहिले. २०१९ चा अंतिम सामना मुंबईत जादा वेळेतील एका गोलाने हातचा गेला. त्या वर्षी सुपर कप मिळाला, तरी क्लब आणि प्रशिक्षक यांच्यातील अंतर मिटले नाही. ३१ जानेवारी २०२० रोजी, संघ गुणतक्त्यात अग्रस्थानी असताना, लोबेरा यांना निरोप देण्यात आला. त्या मोसमात साखळीतील अग्रस्थान गोव्यानेच राखले आणि त्या बळावर एएफसी चँपियन्स लीगच्या गटसाखळीत खेळणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. मात्र अजिंक्यपद मिळाले ते कोलकात्याच्या एटीकेला, म्हणजे अंतोनिओ हाबास या बचावाला अग्रमान देणाऱ्या प्रशिक्षकाच्या संघाला.

पुढच्याच वर्षी या दोन विचारसरणी समोरासमोर आल्या. लोबेरा मुंबई सिटी संघाकडे गेले होते आणि गोव्याचे अहमद जाहू, ह्युगो बुमू, मुर्तदा फॉल, मंदार राव देसाई असे काही खेळाडूही त्या संघात दाखल झाले होते. साखळीअखेर मुंबई आणि हाबास यांचा एटीके मोहन बागान या दोघांचेही ४० गुण झाले आणि अग्रस्थान मुंबईला मिळाले. १३ मार्च २०२१ रोजी फातोर्डा येथे अंतिम सामनाही याच दोघांत झाला. एका गोलाने मागे पडलेल्या मुंबईने स्वयंगोलामुळे बरोबरी साधली आणि अखेरच्या मिनिटाला बिपिन सिंगने विजयी गोल केला. गोव्यात ज्याला सुंदर पण अपुरे म्हटले गेले, तेच तंत्र एका वर्षात अजिंक्य ठरले. गोव्यातील चाहत्याला यात दुहेरी दुःख होते: आपल्या अंगणात रुजवलेले रोप दुसऱ्याच्या बागेत फळाला आले आणि तो सामना झाला तो साथीमुळे रिकाम्या ठेवलेल्या त्याच्याच स्टेडियमात. मुंबईचा मालक सिटी फुटबॉल ग्रुप गोव्याहून अधिक धनवान होता, ही बाब नजरेआड करता येणार नाही. तरीही, थोडा अधिक धीर धरला असता तर काय झाले असते, हा प्रश्न उरतोच.

मराठीत परीक्षेचा आणि सामन्याचा, दोहोंचाही निकालच लागतो. शाळेची गुणवत्ता केवळ दहावीच्या निकालाच्या टक्केवारीवर ठरू लागली, की काय होते हे शिक्षकांना सांगण्याची गरज नाही. अपेक्षित प्रश्नसंच पाठ करून घेतले जातात, प्रयोगशाळेची दारे बंद राहतात आणि टक्केवारी उंचावते. त्या टक्केवारीला काही किंमत नाही असे म्हणणे ढोंगीपणाचे होईल. गरिबाच्या मुलाला त्याच गुणांवर पुढचा प्रवेश मिळतो. पण वीस वर्षांनी विद्यार्थ्याला आठवतो, तो त्या टक्क्यांच्या पलीकडे काही शिकवून गेलेला शिक्षक. निकाल मोजता येतो म्हणून तोच मोजायचा आणि जे मोजता येत नाही ते अस्तित्वातच नाही असे मानायचे, हा मापनाचा दोष फुटबॉलपुरता नाही.

या वादातून बाहेर पडण्याची वाट मुदतीच्याच प्रश्नातून जाते. नवा मॅनेजर नेमताना क्लबाने कोणता हिशेब कोणत्या वहीत लिहिला जाणार आहे, ते उघडपणे सांगितले पाहिजे. यंदा घसरण टाळणे एवढेच ध्येय असेल तर तसे सांगावे. प्रेक्षक समजूतदार असतात. शैली उभारायची असेल तर त्यासाठी लागणारा काळ, खेळाडू आणि वाटेतील पराभव यांची तरतूद आधी करावी आणि दहाव्या पराभवानंतर जुने करार विसरू नयेत. शैलीचे गुणगान करून मॅनेजर आणायचा आणि गुणतक्ता दाखवून त्याला घालवायचा, हा चाहत्याशी केलेला वचनभंग आहे.

चाहत्याचा आवाज निष्फळ नसतो, हेही अलीकडे दिसले आहे. एप्रिल २०२१ मध्ये टॉटनहॅमसह इंग्लंडच्या सहा श्रीमंत क्लबांनी स्वतंत्र सुपर लीगचा बेत जाहीर केला. चाहत्यांच्या प्रक्षोभापुढे तो इंग्लंडमध्ये दोन दिवसांत गुंडाळावा लागला. २०२५ मध्ये ब्रिटिश संसदेने फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक नेमणारा कायदा संमत केला आणि क्लबांनी चाहत्यांशी विचारविनिमय करावा हे तत्त्व कायद्यात आणले. संघाने कसे खेळावे हे कोणताही नियामक ठरवणार नाही आणि ठरवूही नये. पण ज्यांना विचारलेच पाहिजे अशी माणसे म्हणून चाहत्यांना मान्यता मिळाली, ही गोष्ट लहान नाही.

मात्र आवाजाबरोबर जबाबदारीही येते. सुंदर खेळ मागणाऱ्या चाहत्याने त्या खेळाची किंमत आपणही भरणार आहोत, हे मान्य केले पाहिजे. म्हणजेच काही पराभव, काही रिकामे मोसम आणि शेजाऱ्यांचे टोमणे. चेल्सीकडून चार गोल खाऊनही टॉटनहॅमच्या प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा त्यांनी या किमतीचा पहिला हप्ता खुशीने भरला होता. पुढचे हप्ते आले तेव्हा हात आखडता घेतला तो मालकांनी एकट्यांनीच, असे म्हणता येणार नाही. आपण किती हप्ते भरायला तयार आहोत, याचे उत्तर प्रत्येक क्लबाच्या चाहत्यांनी नव्या मॅनेजरच्या स्वागताला जाण्यापूर्वीच आपसात देऊन ठेवायला हवे.